सतरा पतंग, एक गुण्या

१२ डिसेंबर १९८१, शनिवार

आणि म्हणे माझा हात आत झुकतो! आज पुन्हा तेच. दोन महिने हेच ऐकून राहिलोय. मी उलट बोललो तर उद्धट, नाही बोललो तर कबूल. मग करायचं काय माणसानं?

खिडकीच्या जाळीची चौकट म्हणजे काही ताजमहाल नाही. खालची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून दोन उभ्या पट्ट्या ठोकायच्या आणि वरची पट्टी बसेल तेवढी कापायची. बस. पण माझी वरची पट्टी दर वेळी आखूड लागते. पाऊण इंच! चौकट खाली रुंद आणि वर अरुंद होते, क्वार्टरमध्ये बसवली की खालून अडते. मग कारखान्याच्या टाउनशिपमधून, बरखेड्यातून, कुणाची तरी बायको तक्रारीची चिठ्ठी पाठवते, आणि रंधा घेऊन मी सायकलवर. आज त्या बाई म्हणाल्या, "भैया, आप ही बनाते हो और आप ही छीलने आते हो?"

बाकी कारीगरांच्या चौकटी नीट बसतात. त्यांची हत्यारं त्यांची स्वतःची. मी हेल्पर, माझ्याकडे काय आहे? म्हणून आमचे उस्ताद अच्छे मियाँ त्यांचा स्वतःचा गुण्या मला देतात, शिसवीच्या मुठीचा, पितळी फुलांचा, त्यांच्या उस्तादांकडून आलेला. तो वापरूनही माझं काम वाकडं. आज सगळ्यांसमोर, इथली नेहमीची "को खां" हाक मारून म्हणाले, "लकड़ी सीधी, गुनिया सीधा, फिर टेढ़ा कौन बचा?" सगळे हसले. मीही हसलो, हा माझा मूर्खपणा.

या माणसासाठी मी काय कमी केलं? खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते म्हणून सांगितलं तर अच्छे मियाँनी आपली सगळी पेटी माझ्या हवाली केली. मी एकेक हत्यार गरम पाण्यात सोडा टाकून भिजवलं, घासलं, गुण्याची पितळी फुलं चिंचेनं उजळली, दिवसभर पत्र्यावर कडक उन्हात वाळवलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. गुण्या बघून उस्ताद म्हणाले होते, "वाह, मेरे उस्ताद की रूह ख़ुश हो गई." आणि त्याच आठवड्यापासून माझा हात झुकायला लागला. कुणाची दृष्ट लागली काय कोण जाणे.

निघताना म्हणाले, संक्रांतीपर्यंत बघतो. पट्टी सुधारली तर ठेकेदाराकडे कारीगर म्हणून नाव सांगतो. नाही तर सुतारकाम बंद, मजुरांबरोबर तगारी उचल.


१५ डिसेंबर, मंगळवार

टाउनशिपच्या शाळेत बाकं दुरुस्त करायला पाठवलं. फळ्यावरच्या मोठ्या लाकडी कंपासचा पायही मोडला होता. वर्गातच बसून खिळा ठोकत होतो. आठवी ब. भूमिती चालू होती. मी उठून पळणारच होतो, पण कंपास सोडून जाता येईना.

बाईंनी एकाला उभं केलं. तो डोळे मिटून म्हणाला, "वर्ग के विकर्ण बराबर होते हैं और परस्पर लंब-समद्विभाजित करते हैं." असा म्हणाला की घरात कुणी गेलं असावं. मला हसू आलं.

बाई वळल्या. "क्या हुआ?"

मी म्हणालो, "कुछ नहीं मॅडम. पतंगाच्या काड्यांबद्दल बोलून राहिला ना तो, मग रडतो कशाला?" घाबरल्यावर माझ्या तोंडून मराठीच येते.

बाई मराठी निघाल्या! नलिनीबाई. नागपूरच्या, मिस्टर सरकारी कचेरीत. म्हणाल्या, "पतंगाच्या काड्या म्हणजे?"

मी कंपास खाली ठेवून फळ्यावर दाखवलं. चौरस कागद कोपऱ्यावर उभा करा. एक काडी वरून खाली, एक आडवी. काड्या अशा कोपऱ्यातून कोपऱ्यात नीट बसल्या तर पतंग उडतो, नाही तर गटारात. (आडवी काडी कमानीसारखी वाकवतात, ते मागाहून सांगितलं.) पोरं एकदम जागी झाली.

"किती शिकलात?"

"सातवी. आठवीत तीन महिने बसलो, पण भूमितीच्या मास्तरांशी पटलं नाही."

"आणि पतंग?"

"पुलगावात संक्रांतीला आमच्या दोन गल्ल्या माझेच पतंग उडवतात."

सहामाहीत या वर्गातले चौतीसपैकी पाच पास झालेत. बाईंनी मोठ्या बाईंकडून उस्तादांना चिठ्ठी दिली: दर शनिवारी शेवटचे दोन तास सुताराला पाठवा. चिठ्ठीत "सुतार" लिहिलंय. हेल्पर नाही लिहिलं. मी दोनदा वाचलं.


१९ डिसेंबर, शनिवार

आज मी शिकवलं! म्हणजे पतंग शिकवला.

पोरांच्या सतरा जोड्या. सगळे पट्ट्या, पेन्सिली, कंपासपेट्या घेऊन बसले. मी सगळं बंद करून ठेवायला लावलं. पतंगी कागदाचा लांबट ताव घेतला, एक कोपरा समोरच्या कडेवर आणून घडी घातली, उरलेली पट्टी फाडली. उघडला की चौरस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या साध्या गोष्टीला!

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "चौरसच कशावरून?"

"होतोच."

"पण का होतो?"

बाई एम.एस्सी. आहेत म्हणतात. एवढं साधं त्यांना कळू नये याचं मला नवल वाटलं, पण पोरांसमोर त्यांची शोभा नको म्हणून मी नीट विचार करून सांगितलं, ही कड त्या कडेवर तंतोतंत बसली म्हणजे दोन्ही सारख्या. आणि कोपरा तर सरळ होताच.

"कोपरा सरळ होता कशावरून?"

"ताव कारखान्यातून आलाय, बाई."

"कारखान्यातून आलेलं सगळं सरळ असतं?"

यावर वर्ग असा हसला की बाजूच्या वर्गातून मास्तर बघायला आले. इथल्या प्रत्येक पोराचा बाप कारखान्यात.

पहिल्या बाकावर रजनी म्हणून मुलगी आहे, दोन वेण्या, नाकावर चष्मा. तिला हसू आलं नाही. ती तावाचा कोपरा दुसऱ्या तावाच्या कोपऱ्यावर ठेवून बघत बसली.


२० डिसेंबर, रविवार

आनंद नगरच्या खोलीत दिवसभर बांबू तासला. खोलीवाले म्हणतात वेड लागलं. असेल.


२६ डिसेंबर, शनिवार

खळ शिजवून नेली होती, मैद्याची. एक पोरगा खळीत बसला. नंतर तो बाकाला चिकटून उठेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "हा आज पहिल्यांदा एका जागी बसलाय, राहू द्या."

काड्या तासणं. उभी काडी जाड, कमान बारीक. कमानीची काडी मधोमध बोटावर तोलून दाखवली. ज्या बाजूला झुकते तिकडून तास, परत तोल. पोरं अर्धा तास एक शब्द न बोलता बोटावर काड्या घेऊन उभी होती, जसं काही वर्गात चौतीस तराजू लावलेत.

बाई पुन्हा "का?" करत होत्या. आज रजनीनंच उत्तर दिलं. मी न सांगता पोरं सांगतात हे बघून मला जरा वाईटच वाटलं. माझी गरज संपत चालली की काय. बाईंना म्हणालो तर त्या खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "हेच तर हवं असतं, गोपीनाथ." मला नाही समजलं.

पण नावं समजली. कोपऱ्यातून कोपऱ्यात जातो तो कर्ण. कर्णाला मधोमध काटकोनात कापतो तो लंबदुभाजक. एवढी वर्षं हा माणूस माझ्या पतंगात बसून होता आणि आमची ओळख नव्हती.


२ जानेवारी १९८२, शनिवार

घडीचा कागद वाऱ्यात घडीवरच फाटतो. म्हणून खरे पतंग घडी न घालता कापायचे. त्यासाठी मी प्लायवूडचा फर्मा करून नेला, चाळीस सेंटिमीटरचा चौरस. खालची कड आखली, दोन्ही टोकांना उस्तादांचा गुण्या लावून उभ्या रेघा मारल्या, चाळीसवर खुणा, वरून जोडलं. फर्मा कागदावर ठेवायचा आणि भोवती ब्लेड फिरवायचं. सतरा कागद वीस मिनिटांत!

रजनीनं विचारलं, "भैया, ये पक्का चौकोर है?"

मी म्हणालो, आम्ही सुतार कसं बघतो ते शिक. दोरी घेऊन एक कर्ण मोजला, दुसरा मोजला. दोरी तंतोतंत. "दोनों विकर्ण बराबर. और क्या चाहिए?" सुतारकामात चौकट अशीच तपासतात, उस्तादही.

बाई काहीतरी बोलणार होत्या, पण घंटा झाली.

पुढच्या शनिवारी मैदानात चाचणी.


५ जानेवारी, मंगळवार

आज तीन चौकटी. तिन्हींची वरची पट्टी पाऊण इंच आखूड. मी मुद्दाम हात बाहेर झुकवून ठोकायला गेलो तर उस्ताद ओरडले, "गुनिया देख, गुनिया! हवा में मत देख!" गुण्याप्रमाणे ठोकलं. झुकलं.

नऊ दिवस राहिले. आई पत्रात विचारते, झालास का रे कारीगर. मी उत्तर लिहिलं नाही.


९ जानेवारी, शनिवार

फजिती. पुरी फजिती.

सतरा पतंग, लाल-पिवळे-हिरवे, मैदानात रांगेत. वारा असा की देवानं दिलेला. पोरांचे बापही आलेले, शिफ्ट सुटलेली. मोठ्या बाई खुर्चीवर. आणि एकही पतंग सरळ जाईना! वर चढतो आणि गिरकी घेतो, खाली आपटतो. काही डावीकडे गिरकी घेतात, काही उजवीकडे. वाऱ्याचा दोष असता तर सगळे एकीकडे गेले असते. एक बापमाणूस म्हणाला, "मास्टरजी, पतंग हैं कि शराबी?" मास्टरजी मी.

मी प्रत्येक पतंगाचा दोरा सोडून परत बांधला. शेपट्या लावल्या. काही नाही. माझ्या कानात उस्तादांचं "टेढ़ा कौन बचा". इथे पोरांच्या हातांनी कापलेलं, चिकटवलेलं, आणि तरी वाकडं. म्हणजे माझा हात असा वाकडा की शिकवलेल्यांनाही लागतो?

पोरं मात्र रडली नाहीत. बाईंनी त्यांना सांगितलं, आता शोधा. आणि सगळी मैदानात पालथी पडून मोजू लागली. गिरकी कुठल्या बाजूला, कड कुठली, खडूनं लिहून. मी कठड्यावर बसून होतो.

रजनी आली, मागे सगळा घोळका. "भैया, तीन भुजा चालीस हैं. चौथी उनतालीस दशमलव तीन. सब पतंगों में! जिधर छोटी वाली भुजा, उधर गिरता है."

"विकर्ण?"

"बराबर. फिर भी चौकोर नहीं. ये समलंब है."

मी म्हणालो, असं होऊच शकत नाही. बाईंनी मातीत काडीनं आकृती काढली, खाली रुंद, वर जराशी अरुंद, दोन्ही बाजू सारख्या आत झुकलेल्या. त्याचे दोन्ही कर्ण दोरीनं मोजायला लावले. सारखे.

मी त्या आकृतीकडे बघत राहिलो. कुठेतरी बघितली होती. मग आठवलं. रोज बघतो. रंधा घेऊन सायकलवर जाऊन बघतो.

फर्मा तर मी सावकाश, गुण्या लावून, धारदार पेन्सिलीनं केला होता. ठोकाठोकी नव्हती. हात झुकायला जागाच नव्हती.


१० जानेवारी, रविवार

वर्कशॉप बंद असते, पण उस्तादांची पेटी चौकीदाराकडे असते. गेलो.

फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, त्याच टिंबावर लावला, पुन्हा रेघ मारली. खरा गुण्या असेल तर दुसरी रेघ पहिलीवरच बसते. माझ्या दोन रेघा एका टिंबातून निघाल्या आणि वर दीड सूत फाकल्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कात्री उघडावी तशा.

हात सरळ आहे! मी एकटाच वर्कशॉपमध्ये नाचलो. चौकीदारानं बघितलं.

मग मूठ नीट बघितली. जिथे पातं मुठीत बसतं तिथे शिसव बारीक तडकलेलं. तडीमध्ये पांढरं काहीतरी. नखानं काढलं, जिभेला लावलं.

सोडा.

नाचणं थांबलं.


११ जानेवारी, सोमवार

नाही सांगितलं.

सांगितलं तर: उस्तादांच्या उस्तादांचा गुण्या मी सोड्यात उकळून, उन्हात भाजून, हळद-कुंकू लावून बिघडवला. कारीगरी गेली. नाही सांगितलं तर: हात वाकडा. कारीगरी गेली. तिसरा मार्ग म्हणजे बाजारातून दुसरा गुण्या गुपचूप आणून चौकटी सरळ करायच्या आणि गप्प बसायचं. उस्ताद म्हणतील पोरगा सुधारला. चौथ्या दिवशी संक्रांत. कारीगर!

बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "तू पोरांना फर्मा चुकल्याचं कसं सांगितलंस?" (आता अरे-तुरे करतात. बरं वाटतं.)

"मी कुठे सांगितलं? त्यांनीच मला सांगितलं."

"मग तुला राग आला?"

"नाही. हलकं वाटलं."

बाई वह्या तपासू लागल्या. मला वाटलं होतं सल्ला देतील. मोठी माणसं ऐन वेळी अशी वह्या काढतात.


१२ जानेवारी, मंगळवार

सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत, सगळे बिड्या ओढत बसलेले असताना. म्हणजे हसायचं तर एकदाच हसून घ्या. फळी, पेन्सिल आणि गुण्या उस्तादांच्या पुढ्यात ठेवला. म्हणालो, "उस्ताद, एक लकीर खींचो. फिर उल्टा करके खींचो."

"क्यों?"

"एक बार."

त्यांनी काढली. उलटा केला, काढली. मग तिसऱ्यांदा काढली, चौथ्यांदा. बिड्या विझल्या.

"चालीस साल," उस्ताद म्हणाले. "चालीस साल में किसी ने इसको उल्टा करके नहीं देखा. मैंने भी नहीं." मग गुण्या डोळ्यांजवळ नेला. "पानी किसने पिलाया इसको?"

"मैंने."

"कब?"

"खंडेनवमीला."

"ठंडा पानी?"

"गरम. सोडा डालकर. फिर टीन पर सुखाया." एकदा सांगायचं तर सगळंच सांगितलं. "इकतीस चौखटे भी मेरे, उस्ताद. सब इसी से."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उस्तादांनी गुण्या फडक्यात बांधला, जसं पोराला बांधतात, सायकलच्या पुढच्या दांडीला अडकवला आणि भर दुपारी शहराच्या दिशेनं निघून गेले. चाळीस वर्षांत दुपारी गेले नव्हते म्हणे.

शाळा सुटल्यावर पोरांकडे गेलो, जायचं मन नव्हतं तरी. आता फर्मा नाही, गुण्या नाही. बाईंनी नवीन रीत काढली: आधी काड्यांच्या रेघा, मग कागदाच्या कडा. कागदावर एक कर्ण आखायचा. दोन्ही टोकांवरून दोरा आणि पेन्सिलीनं कंस मारायचे, कंस कापतात तिथून लंबदुभाजक. मधल्या टिंबापासून चारी बाजूंना सारखं अंतर. टोकं जोडली की चौरस. दोरा ताठ धरायला मी आणि रजनी. मी सतराही वेळा उलटून तपासलं. पोरं वैतागली.


१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

उडाले! सतराच्या सतरा!

एकाची दोरी तुटली, एक आंब्यावर अडकला, पण आधी उडाले, सरळ, मान ताठ करून. परवाचा तो बापमाणूस टोपी काढून नाचला. नलिनीबाई पदर खोचून तिळगूळ वाटत होत्या आणि त्यातच प्रश्न: "हा का उडाला? सांगितल्याशिवाय लाडू नाही!" आणि पोरं सांगत होती, लंब-समद्विभाजक, ओरडून, तोंडात लाडू घेऊन. रडका आवाज एकाचाही नव्हता.

दुपारी मैदानाच्या टोकाला सायकल थांबली. उस्ताद. धुतलेला कुर्ता. दोन दिवस कामावर नव्हते. मी पुढे गेलोच नाही. ते सरळ पोरांत गेले, एक पतंग उचलला, बोटावर तोलला, कडा डोळ्यासमोर धरून बघितल्या. शहरातला माणूस, पतंग त्यांना काय सांगायचा.

"बिटिया, ये चौकोर किस गुनिये से काटा?"

रजनी म्हणाली, "गुनिया नहीं, दादाजी. धागे से." आणि मातीत करून दाखवलं, कंस, कंस, रेघ. "इसमें किसी पर भरोसा नहीं करना पड़ता. बस धागा ढीला न हो."

उस्तादांनी पिशवीतून फडकं काढलं. जुन्या शहरातल्या एका लोहाराकडून पातं सरळ करून आणलं होतं, मुठीला नवी पितळी पट्टी. गुण्या रजनीपुढे धरला. "इसको जाँच दे." आणि ही एवढीशी पोरगी, चष्मा सावरून, अच्छे मियाँच्या उस्तादांचा गुण्या मातीतल्या रेघेला लावून बघतेय, उलटा करून बघतेय, आणि उस्ताद उकिडवे बसून वाट बघतायत, परीक्षेच्या निकालासारखी.

"पास," ती म्हणाली.

उस्ताद मोठ्यानं हसले. तिच्याकडून तिळगूळ घेतला. मग माझ्याकडे आले आणि हसू पुसून टाकलं.

"इकतीस चौखटे. इतवार-इतवार को दोनों बैठकर ठीक करेंगे, मज़दूरी नहीं मिलेगी. न तुझे, न मुझे."

"जी."

"और सोमवार से मेरे गुनिये को हाथ मत लगाना."

गेले. मी तिथेच उभा राहिलो. वर उरलेले पतंग.


१५ जानेवारी, शुक्रवार

म्हणजे तगारी. गुण्याला हात लावायचा नाही म्हणजे सुतारकाम नाही. एवढं तर आठवी नापासालाही समजतं.

पण विचित्र आहे. झोप चांगली लागली.


१८ जानेवारी, सोमवार

सकाळी तगारीच उचलायला गेलो. मुकादम म्हणाला, "इधर कहाँ? हाज़िरी लगा." रजिस्टरमध्ये माझं नाव खालच्या यादीत नव्हतं. मला वाटलं काढलंच. त्यानं पान उलटलं. वरच्या यादीत, अच्छे मियाँपासून पाचवं: गोपीनाथ, कारीगर.

मी उस्तादांकडे धावलो. ते रंधा मारत होते, वर बघितलं नाही.

"आपने तो बोला था, गुनिये को हाथ मत लगाना."

"तो? कारीगर दूसरे के गुनिये से काम करता हे क्या? अपना ला." मग रंध्याच्या भुश्यावर फुंकर मारून म्हणाले, "और उसको नहलाना मत."

आता सगळे हसले. मी सगळ्यात जोरात.

संध्याकाळी बाईंना सांगायला गेलो. बाईंनी आठवीचं भूमितीचं पुस्तक हातात ठेवलं, मराठीतलं, नागपूरहून मागवलेलं. म्हणजे आधीच मागवलं होतं? म्हणाल्या, मार्चमध्ये बाहेरून आठवीच्या परीक्षेला बसता येतं, फॉर्म आणून ठेवलाय. मी म्हणालो, मला कशाला? म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं तुझ्यासाठी आहे? पोरांना अडलं तर शिकवायला लागेल ना तुला." बाईंना खरंच काही काही गोष्टी सरळ सांगता येत नाहीत.


२४ जानेवारी, रविवार

बाजारात गेलो. करवत, रंधा, दोन पटाश्या, हातोडी. आणि गुण्या. दुकानदाराकडून फळी मागितली, पेन्सिल मागितली, प्रत्येक गुण्या उलटून रेघ मारली. चार नापास केले. दुकानदार म्हणाला, "भाई, शादी के लिए लड़की देख रहे हो क्या?" पाचवा पास. साधा आहे, लोखंडी, फुलंबिलं नाहीत.

दुपारी उस्ताद आणि मी, सहा चौकटी दुरुस्त. वरच्या पट्ट्या पूर्ण मापाच्या. "आप ही छीलने आते हो" म्हणणाऱ्या त्या बाईंची चौकट त्यांच्या खिडकीत बसवली. एका बोटानं लागली. बाईंनी दहा वेळा उघडून बंद करून बघितली.


१ फेब्रुवारी, सोमवार

पगार झाला. अर्धा महिना हेल्परचा, अर्धा कारीगराचा. त्यातून हत्यारांच्या दुकानाची उरलेली रक्कम, परीक्षेच्या फॉर्मची फी. आजवर आईला दर महिन्याला शंभर पाठवतो. या वेळी शंभर होत नाहीत, कसंही मोजलं तरी.

पोस्टात मनिऑर्डरच्या कुपनावर लिहायला तीन ओळींची जागा. सगळं सांगायचं तर ही वही पाठवावी लागेल. मागे रांग, खिडकीतला माणूस म्हणतोय लवकर करा. शेवटी लिहिलं: आई, बढती झाली म्हणून या महिन्यात कमी पाठवतोय. काळजी करू नको. रुपये एकाहत्तर.